ज्याचा बदल त्याच्या नावावर

आमच्या कार्यालयात सगळे त्यांना तोंडावर ‘काकू’ म्हणत आणि पाठीमागे ‘कुलूप’. दोन्ही नावे त्यांना ठाऊक होती. दुसऱ्या नावाविषयी त्यांना थोडा अभिमानही असावा, कारण ते कानावर आले की त्या पदर सारखा करून ताठ बसत.

कार्यालय म्हणजे पडद्यांच्या कापडाच्या दुकानावरचा मजला. दुकानांत जे विजेवरचे तराजू असतात, वजन दाखवतात, भाव गुणतात आणि पावती बाहेर टाकतात, त्यांच्या आतला प्रोग्राम तेथे लिहिला जाई. त्या तराजूंच्या वापरपुस्तिका लिहिणे हे माझे काम होते. माझे टेबल मागच्या खोलीत, काकूंच्या टेबलाला काटकोनात लावलेले होते. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्यातले बहुतेक मी जागेवरून न उठता पाहिले आहे.

काकूंचे काम नेमके काय, हे बाहेरच्याला समजावून देणे सोपे नाही. प्रोग्राम म्हणजे शेकडो फायली. दोघांनी एकच फाईल एकाच वेळी बदलली, तर एकाचे काम दुसऱ्याच्या कामाखाली गाडले जाते. हे होऊ नये म्हणून काकूंनी एक पद्धत बसवली होती. भिंतीवर एक लांब फळी होती, फळीवर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला पत्र्याची एकेक पाटी. पाटीवर एका फायलीचे नाव. ज्याला ती फाईल बदलायची असेल त्याने काकूंकडून पाटी मागून न्यायची आणि आपल्या टेबलावर दिसेल अशी ठेवायची. पाटी परत येईपर्यंत त्या फायलीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काम संपले की बदललेली फाईल काकूंकडे जाई. त्या ती ओळ अन् ओळ तपासून मूळ प्रतीत जोडीत, आणि जुनी प्रत तारीख व बदल करणाऱ्याचे नाव घालून बाजूला जपून ठेवीत. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही ओळ गळाली नाही.

त्यांच्या यजमानांचा यावर एक ठरलेला विनोद होता. “इतर लोक नोकरीत पाट्या टाकतात,” ते म्हणत, “आमची बायको पाट्या अडकवते.” पाठीच्या दुखण्याने त्यांचे स्वतःचे काम कधीच सुटले होते, तरी विनोद मात्र रोज कामावर हजर असे.

काकू दयाळू होत्या असे कोणी म्हणणार नाही. पाटी मागायला येणाऱ्याला त्या दारात उभे करीत. “कशाला हवी? काय बदलणार? किती वेळ?” अशी सरबत्ती होई, आणि उत्तर अर्धवट वाटले तर पाटी खिळ्यावरच राही. आमच्याकडे एक उंच, लाजाळू प्रोग्रामर होता. नोकरीच्या सुरुवातीला एकदा तो पाटी चुकून खिशात घालून घरी गेला. दुसऱ्या सकाळी काकूंनी त्याला सगळ्यांसमोर पाटी आणायला घरी परत पाठवले, आणि त्या दिवसापासून संध्याकाळी तो निघाला की त्या खोलीतूनच आवाज देत, “खिसे!” तो थांबून दोन्ही खिसे उलटे करून दाखवी. एकदा त्याचे सासरे त्याला न्यायला वर आले होते, तेव्हाही दाखवले. सगळे त्याला ‘खिसा’च म्हणू लागले. पुढे तो कार्यालयातला सर्वांत चांगला प्रोग्रामर झाला, तरी संध्याकाळचा आवाज काही थांबला नाही. मी एकदा काकूंना म्हटले, आता पुरे करा. त्या म्हणाल्या, “मी पुरे केलं की तो विसरेल.”

तो विसरला नव्हता.

मालकांच्या मुलीचे लग्न झाले आणि जावई आमच्याकडे तांत्रिक प्रमुख म्हणून आले. सगळे त्यांना ‘जावईबापू’ म्हणत. ते यात आदर ऐकत आणि म्हणणारे हसू दाबत. माणूस गोड बोलणारा, नेहमी समोरच्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून बोलणारा. पहिल्याच बैठकीत त्यांनी भिंतीवरच्या फळीकडे पाहिले आणि विचारले, “हे काय आहे? किल्ल्या?”

कोणीतरी समजावले. ते इतके हसले की मालकांनाही हसावे लागले.

मग ठरले की नवी रिपॉझिटरी उभारायची. रिपॉझिटरी म्हणजे सर्व्हरवरचे एक कोठार. सगळा कोड त्यात राहतो. कोणीही, केव्हाही, कोणतीही फाईल आपल्या यंत्रावर घेऊन बदलू शकतो, आणि कोठार स्वतःच प्रत्येक बदल नोंदवून ठेवते, दोघांचे बदल जुळवते, जुने काहीच हरवू देत नाही. म्हणजे काकू जे करीत तेच, फक्त दारात उभे न करता.

मालकांनी काकूंना आत बोलावले. दार उघडे होते, आणि मालकांचा आवाज भिडस्त माणसाचा असूनही मोठा होता.

“हे बघा काकू, मागची खोली आता सोडायची आहे. सर्व्हर सांभाळायला एकच माणूस लागेल. जो रिपॉझिटरीचा प्रमुख, तो राहील. तुम्ही उभारलीत, तर तुम्हीच प्रमुख. नाहीतर मग... तुम्ही समजता.”

“समजते,” काकू म्हणाल्या.

त्यांच्या घरी माझे जाणे-येणे होते. त्या संध्याकाळी वापरपुस्तिकेची एक छापील प्रत द्यायला गेलो, तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. काकूंच्या जाऊबाई ओट्याशी भांडी विसळत होत्या.

“म्हणजे नोकरी जाणार म्हणा की,” जाऊबाई म्हणाल्या. “बरं झालं. माझ्या हाताखाली एक माणूस हवंच होतं.”

“जाणार कशाला? मीच प्रमुख होणारे.”

“या वयात शिकणार?” यजमान पलंगावरून म्हणाले. “बघ बाई. तू घरी बसलीस, तर मी कुठे बसू? घरी बसायची जागा एकच आहे, आणि ती माझी आहे.”

जाऊबाई खळखळून हसल्या. काकूंनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. त्या घरात कमावते हात त्यांचेच होते, आणि ते थांबले की त्या घरातले त्यांचे स्थान ओट्याच्या कोपऱ्यापर्यंत येणार, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला कळत होते.

काकू शिकल्या. मला वाटले होते त्याहून लवकर शिकल्या. मार्गदर्शिका छापून घेतली, पट्टी धरून एकेक ओळ वाचली. रिकामी रिपॉझिटरी तयार केली, तिच्या मुख्य शाखेला, म्हणजे मंजूर झालेला पक्का कोड जिथे राहतो तिला, नाव दिले, कोणत्या तात्पुरत्या फायली आत घ्यायच्या नाहीत त्यांची यादी केली. मग त्या एक असे काम करायला बसल्या जे त्यांना कोणी सांगितले नव्हते. जपून ठेवलेल्या सगळ्या जुन्या प्रती, पहिल्यापासून, एकामागून एक, ज्या क्रमाने बदल झाले त्याच क्रमाने त्या रिपॉझिटरीत घालू लागल्या.

जावईबापू एके दुपारी मागे येऊन उभे राहिले. हात अर्थातच खुर्चीच्या पाठीवर.

“काकू, कशाला एवढा खटाटोप? शेवटची प्रत टाका एका फटक्यात. सगळं तुमच्याच नावावर लागेल. बावीस वर्षांचं!”

“माझ्या नावावर कसं लागेल? मी लिहिलंय का?”

“जोडलंय तर तुम्हीच ना.”

“जोडणं वेगळं, लिहिणं वेगळं. ज्याचा बदल त्याच्या नावावर.”

रिपॉझिटरी प्रत्येक नोंदीबरोबर दोन नावे ठेवते: एक बदल लिहिणाऱ्याचे, दुसरे नोंद करणाऱ्याचे. काकू लिहिणाऱ्याच्या जागी ज्याचे त्याचे नाव घालीत होत्या. जे नोकरी सोडून गेले त्यांची नावे, ज्यांच्याशी त्यांचे जन्मात पटले नाही त्यांची नावे, खिशाचे नाव तर शेकडो ठिकाणी. स्वतःचे नाव लिहिणाऱ्याच्या जागी एकदाही नाही. जावईबापू काही क्षण पडद्याकडे पाहत राहिले.

“वा,” ते हळूच म्हणाले. “फारच नीट.”

त्यांच्या आवाजात तेव्हा मला नुसते कौतुक ऐकू आले होते.

पुढे नियम ठरवायचे होते. पहिला नियम काकूंनीच सुचवला: कोणताही बदल मुख्य शाखेत जाण्याआधी दोघांनी तो मंजूर केला पाहिजे, आणि स्वतःचा बदल स्वतः मंजूर करता येणार नाही. मंजुरीचा अधिकार तिघांना मिळाला, काकू, खिसा आणि जावईबापू. दुसरा नियम जावईबापूंनी बैठकीत मांडला.

“जुनी माणसं सोडून जातात, पण त्यांचे प्रवेश तसेच राहतात. धोका आहे. असा नियम हवा, की ज्यानं गेल्या सहा महिन्यांत काही लिहिलं नाही, त्याचा प्रवेश आपोआप बंद. दर सोमवारी सकाळी यंत्रानं तपासावं.”

“आणि अपवाद?” खिशाने विचारले. तो सहसा बोलत नसे.

जावईबापूंनी काकूंकडे पाहिले. “काकू, तुम्ही सांगा. अपवाद ठेवायचे का?”

“अपवाद ठेवला की तो नियम राहत नाही,” काकू म्हणाल्या. “मीच लिहिते.”

हा नियम म्हणजे एक छोटासा प्रोग्राम होता. काकूंनी तो मार्गदर्शिकेतला नमुना समोर ठेवून जुळवला: लिहिणाऱ्याचे नाव बघ, तारीख बघ, सहा महिन्यांत नाव नसेल तर दार लाव, असेल तर उघड. तो रिपॉझिटरीच्या बाहेर, सर्व्हरच्या वेळापत्रकात बसवला जात असल्याने त्याची नोंद कोडमध्ये झालीच नाही. त्यांनी तो एका सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर चालवून पाहिला. दार लागले. त्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी मलाही उठवून पडदा दाखवला.

शुक्रवारी सायंकाळी जावईबापूंनी एक बदल पाठवला. त्यात एका फायलीच्या शेवटी एक रिकामी ओळ वाढवली होती. बाकी काहीही नव्हते. खिशाने मंजूर केला. काकूंनी पडद्याकडे पाहून तोंड वाकडे केले.

“याला काही अर्थ आहे?” त्या मला म्हणाल्या. “रिकामी ओळ! दुसऱ्या कोणाची असती तर तोंडावर फेकली असती.”

“मग फेका,” मी म्हटले.

“जाऊ दे. मालकांचे जावई. हात बसवताहेत बिचारे.”

आणि त्यांनी मंजुरी दिली. माझ्या माहितीप्रमाणे त्यांनी आयुष्यात कोणाला दिलेली ही पहिली सूट.

सोमवारी त्या नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी आल्या. मी पोचलो तेव्हा त्या पासवर्ड पुन्हा पुन्हा घालत होत्या, आणि पडदा पुन्हा पुन्हा एकच वाक्य दाखवत होता: या रिपॉझिटरीत आपल्याला प्रवेश नाही. त्यांना वाटले, सर्व्हर बिघडला. मग वाटले, पासवर्ड चुकतो आहे. मग त्यांचे हात थांबले. नियम त्यांनीच लिहिला होता, आणि लिहिणाऱ्याच्या जागी त्यांचे नाव कुठेच नव्हते. अर्थ लागायला त्यांना कोणाची मदत नको होती.

त्या उठून जावईबापूंच्या खोलीत गेल्या. मी पाठोपाठ गेलो, कारण त्या चष्मा टेबलावर विसरल्या होत्या.

“अरेच्चा,” जावईबापू म्हणाले. “तुमचंच दार लागलं? गंमतच की.”

“तुम्ही उघडा. एका मिनिटाचं काम आहे.”

“काम मिनिटाचंच आहे हो. पण अपवाद ठेवला की नियम राहत नाही, हे कोण म्हणालं होतं?” ते हसले, अगदी प्रेमाने. “तुम्ही काहीतरी लिहा ना. एखादी ओळ. मंजूर झाली की सोमवारच्या तपासणीत दार आपोआप उघडेल.”

“मला आत जाता येत नाही, तर लिहू कशी?”

“कोणालातरी सांगा, तुमच्या नावानं पाठवायला. खिसा आहे की.”

हा माणूस केसाने गळा कापत होता, आणि खुर्चीवर हात ठेवून. काकू मालकांकडे गेल्या. मालक म्हणाले, तांत्रिक बाबीत मी पडत नाही, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मग त्या खिशाच्या टेबलाशी आल्या. बावीस वर्षांत त्या कोणाच्या टेबलाशी काही मागायला आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. आजूबाजूची बटणांची टकटक थांबली.

“जरा एक ओळ पाठवायची होती. माझ्या नावानं.”

खिशाने मान वर केली नाही. “काय म्हणालात? ऐकू आलं नाही.”

“एक ओळ. माझ्या नावानं.”

“मोठ्यानं सांगा ना काकू. पंखा चालू आहे.”

पंखा बंद होता. काकूंनी तिसऱ्यांदा सांगितले. पलीकडच्या टेबलावर कोणीतरी खोकल्याच्या आड हसले.

“मी लिहून पाठवू? तुमच्या नावावर?” खिसा म्हणाला. “पण मग ज्याचा बदल त्याच्या नावावर कसं होईल?”

“मी लिहिते. तू फक्त पाठव.”

त्याने खुर्ची मागे सरकवली. “बसा.”

काकू सर्वांसमोर त्याच्या खुर्चीत बसल्या. खुर्ची उंच होती, त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि कोणी ती खाली केली नाही. सगळ्या कार्यालयाचा कोड त्यांच्या हाताखालून गेला होता. पण दुसऱ्याचे लेखन तपासून जोडणे आणि स्वतः लिहिणे यांत जे अंतर असते ते त्या खुर्चीत बसल्यावर दिसले. त्यांनी वजनाच्या हिशेबाची फाईल उघडली. काही अक्षरे टाकली, खोडली. पुन्हा टाकली, पडद्यावर तांबडी रेघ आली, पुन्हा खोडली. कोणीतरी म्हणाले, “चहा मागवू का? वेळ लागेल.” या वेळी हसू दाबले गेले नाही.

शेवटी त्यांनी एक टीप लिहिली. टीप म्हणजे कोडमधली अशी ओळ जी यंत्र वाचत नाही, फक्त पुढचा प्रोग्रामर वाचतो: ‘येथे बदल केल्यास पावतीचा भागही तपासावा.’ सूचना खरी होती. ती न पाळल्यामुळे पूर्वी घोटाळे झाले होते.

“एवढंच?” खिशाने विचारले.

“एवढंच.”

त्याने ती त्यांच्या नावाने पाठवली आणि वाकून लगेच मंजुरीही दिली. इतकी लगेच, की पुढचे त्याला ठाऊक असावे असे मला आजही वाटते. आता उरली जावईबापूंची मंजुरी. ते आपल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. काकू त्याच खुर्चीत, पाय लोंबते, पडद्याकडे पाहत बसल्या. थोड्या वेळाने उत्तर आले: नामंजूर. कारण: या ओळीने तराजू काहीच करत नाही.

काकू खाली उतरल्या आणि त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आत बसायला कोणी सांगितले नाही.

“तुमची शुक्रवारची ओळ तर रिकामी होती,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

“होती ना,” जावईबापू म्हणाले. “पण ती मंजूर झाली, काकू. तुम्हीच केलीत.”

 काकूंना या माणसाशी भांडता आले असते. पण जे भांडायचे ते त्यांच्या स्वतःच्याच सहीशी होते, आणि तशा भांडणात त्या कायम सहीच्या बाजूने उभ्या राहिलेल्या.  मग त्या म्हणाल्या, “बरोबर आहे.”

रिपॉझिटरीचा प्रमुख खिसा झाला. काकूंनी तो आठवडा पूर्ण केला. करायला काही काम नव्हते, तरी वेळेवर येत आणि वेळेवर जात. शनिवारी मालक सगळ्यांना जमवून चार शब्द बोलले. शिस्त, निष्ठा वगैरे. जावईबापूंनी टाळ्या सुरू केल्या. यजमान न्यायला येणार होते, पण आले नाहीत. पाठ दुखत असल्याचा निरोप जाऊबाईंनी फोनवर दिला, आणि येताना भांड्यांचा साबण आणायला सांगितले. फोन स्पीकरवर होता.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी खिशाने तो सहा महिन्यांचा नियम वेळापत्रकातून काढून टाकला. प्रमुखाने कोणताही नियम काढला तर कारण लिहावे, ही व्यवस्थाही काकूंनीच करून ठेवली होती. मी पुस्तिकेसाठी काही तपासायला त्याच्या पडद्याशी गेलो, तेव्हा त्याने कारणाची जागा भरली होती: आता गरज नाही.